श्वासनलिका-आकुंचनावरील औषधविरहित चेता-उद्दीपन उपचार : एक चिकित्सक आढावा

गोषवारा

दम्याच्या तीव्र झटक्यात आकुंचन पावलेल्या श्वासनलिका मानेतील व्हेगस चेतेला सौम्य विद्युत्-स्पंद देऊन सैल करता येतात, असा दावा गेल्या दोन दशकांत पुढे आला आहे. हा उपचार ‘औषधविरहित’ म्हणून ओळखला जातो. प्रस्तुत लेखात या दाव्यामागील शरीरक्रियाशास्त्रीय कल्पना, प्राण्यांवरील प्रयोग, रुग्णांवरील प्राथमिक अभ्यास आणि २०२० मध्ये अमेरिकेत मिळालेली आपत्कालीन परवानगी यांची चिकित्सा केली आहे. मूळ कल्पना विचारार्ह असली तरी मानवी पुरावा अपुरा आहे. दम्यासारख्या विकारात रुग्णाला वाटणारा आराम हा फुप्फुसातील सुधारणेचा पुरावा मानता येत नाही. आणि ‘औषधविरहित’ हे विशेषण या उपचाराच्या कार्यपद्धतीचे यथार्थ वर्णन करीत नाही, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : दमा, व्हेगस चेता, विद्युत्-उद्दीपन, श्वासनलिका-आकुंचन, छद्म उपचार, ॲड्रिनॅलिन.

१. प्रस्तावना

दमा हा श्वासनलिकांचा दीर्घकालीन दाहजन्य विकार आहे. त्यात श्वासनलिकांच्या भिंतीतील अनैच्छिक स्नायू आवळतात, आतील अस्तराला सूज येते आणि चिकट कफ साठतो. या तिन्हींचा परिणाम म्हणून हवेचा मार्ग अरुंद होतो. पैकी स्नायूंचे आवळणे काही मिनिटांत सैल होऊ शकते; सूज आणि कफ यांना मात्र तास किंवा दिवस लागतात. हा भेद पुढील सर्व विवेचनाचा पाया आहे.

भारतासाठी हा विषय केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या रोगभार-अभ्यासानुसार २०१६ मध्ये देशात दम्याचे सुमारे ३ कोटी ७९ लाख रुग्ण होते. जगाच्या लोकसंख्येत भारताचा वाटा १८ टक्के असताना दीर्घकालीन श्वसनविकारांमुळे वाया गेलेल्या निरोगी आयुर्वर्षांत त्याचा वाटा ३२ टक्के होता. ‘पंपाची सवय लागते’ हा समज आपल्या समाजात खोलवर रुजलेला आहे. औषधाविना दमा आटोक्यात येईल असे सांगणारा कोणताही उपचार अशा समाजात उत्सुकतेने स्वीकारला जाण्याची शक्यता असते. म्हणूनच अशा उपचाराची छाननी तो येथे रूढ होण्यापूर्वी होणे इष्ट ठरते.

दम्याचा चेतासंस्थेशी संबंध जोडण्याची परंपरा जुनी आहे. इंग्लंडमधील वैद्य हेन्री हाइड सॉल्टर यांनी १८६० साली प्रसिद्ध केलेल्या दम्यावरील ग्रंथात हा विकार श्वासनलिकांच्या स्नायूंच्या आकडीमुळे होतो आणि त्या आकडीचा उगम चेतासंस्थेत असतो, असे मांडले होते. स्वतः दम्याचे रुग्ण असलेले सॉल्टर कडक कॉफीचा उपाय सुचवीत. पुढे दाहाची संकल्पना प्रस्थापित झाल्यावर चेतासंस्थेचे महत्त्व मागे पडले, तरी ते नाहीसे झाले नाही.

२. व्हेगस चेता आणि मूळ विसंगती

मेंदूतून निघून मान, छाती आणि उदरापर्यंत जाणारी व्हेगस चेता, म्हणजेच मराठी परिभाषेतील प्राणेशा तंत्रिका, ही परानुकंपी चेतासंस्थेची मुख्य वाहिनी होय. तिच्या टोकांशी ॲसिटिलकोलीन हे रसायन स्रवते. असे रसायन अस्तित्वात असल्याचे ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयावरील प्रयोगाने दाखविले आणि त्याला ‘व्हेगसचा पदार्थ’ असे नाव दिले. या कार्यासाठी १९३६ मध्ये त्यांना हेन्री डेल यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. श्वासनलिकांच्या स्नायूंवर ॲसिटिलकोलीनचा परिणाम आकुंचनाचा होतो. इप्राट्रोपियमसारखी औषधे नेमका हाच परिणाम रोखतात.

येथे एक उघड विसंगती समोर येते. व्हेगस चेता उद्दीपित केली असता श्वासनलिका आवळतात, हे शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळेत दीर्घकाळ दाखविले जात आलेले सत्य आहे. मग तीच चेता उद्दीपित करून श्वासनलिका सैल कशा होतील?

या प्रश्नाचे उत्तर चेतेच्या रचनेत शोधले गेले. व्हेगस ही एकच तार नसून निरनिराळ्या जाडीच्या हजारो तंतूंची जुडी आहे. त्यांतील बहुसंख्य तंतू अवयवांकडून मेंदूकडे संदेश नेणारे, म्हणजे अभिवाही असतात. मेंदूकडून अवयवांकडे आज्ञा नेणारे अपवाही तंतू तुलनेने थोडे असतात. जाड तंतू अल्प विद्युत्-दाबाने जागृत होतात, तर बारीक तंतूंना अधिक दाब लागतो. दाब पुरेसा कमी ठेवला तर आकुंचन घडविणारे तंतू निद्रिस्त राहतील आणि मेंदूकडे जाणारे काही तंतूच जागृत होतील, असे या उपचाराचे गृहीतक आहे. अशा संदेशाला मेंदूने दिलेल्या प्रतिसादातून श्वासनलिका सैल होतात, असा पुढचा दावा आहे. अर्थात सर्व भिस्त दाबाच्या मात्रेवर आहे. मात्रा चुकली तर परिणाम उलटण्याची शक्यता या उपचाराच्या तत्त्वातच अंतर्भूत आहे.

३. प्राण्यांवरील प्रयोग : कल्पनेचे बळ

या गृहीतकाला सर्वांत भक्कम आधार मिळतो तो प्राण्यांवरील प्रयोगांतून. थॉमस हॉफमन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये गिनीपिग आणि डुक्कर या प्राण्यांत हिस्टामिन देऊन श्वासनलिका आकुंचित केल्या आणि व्हेगस चेतेला विद्युत्-स्पंद दिल्यावर ते आकुंचन कमी होते, असे नोंदविले. २०१२ मध्ये याच गटाने गिनीपिगांवर केलेला पुढील प्रयोग अधिक मोलाचा आहे, कारण त्यात परिणामाच्या कारणाचा पद्धतशीर शोध घेतला गेला.

या प्रयोगात उद्दीपनाच्या जागेच्या वरच्या, म्हणजे मेंदूच्या बाजूला चेता बांधून टाकली असता उपचाराचा परिणाम नाहीसा झाला. खालच्या, म्हणजे फुप्फुसाच्या बाजूला बांधली असता मात्र तो टिकून राहिला. संदेश मेंदूमार्गे जातो, हे त्यावरून स्पष्ट झाले. बीटा-ग्राहके रोखणारे प्रोप्रॅनोलॉल दिल्यावरही परिणाम थांबला. अनुकंपी चेतांमधील रसायनसाठा रिकामा केल्यावरही तसेच घडले. यावरून संशोधकांनी काढलेला निष्कर्ष असा की, व्हेगसमार्गे मेंदूला मिळालेल्या संदेशामुळे बहुधा अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रिनॅलिनसारखी द्रव्ये रक्तात स्रवतात आणि ती श्वासनलिकांच्या स्नायूंवरील बीटा-ग्राहकांवर कार्य करून त्यांना सैल करतात.

या स्पष्टीकरणाला शरीररचनेचाही आधार आहे. मानवी श्वासनलिकांच्या स्नायूंना अनुकंपी चेतांचा थेट पुरवठा अत्यल्प आहे. परंतु त्यांवर बीटा-ग्राहके मात्र विपुल आहेत. म्हणून रक्तातून येणारे ॲड्रिनॅलिन तेथे प्रभावी ठरते.

तरीही या प्रयोगांची मर्यादा लक्षात घ्यावी लागते. निरोगी गिनीपिगाला हिस्टामिन टोचून निर्माण केलेले आकुंचन आणि वर्षानुवर्षे दाह सोसलेल्या मानवी श्वासनलिकेतील दम्याचा झटका या दोन भिन्न अवस्था आहेत. पहिलीत प्रश्न प्रामुख्याने स्नायूंचा असतो. दुसरीत सूज आणि कफ यांचाही वाटा मोठा असतो. शिवाय शस्त्रक्रियेने उघड्या केलेल्या चेतेवर थेट दिलेला मोजका दाब आणि कातडीवरून, चरबी व स्नायूंच्या थरांतून दिलेला दाब यांत फार अंतर आहे. मात्रेवर सर्व भिस्त असलेल्या उपचारात हे अंतर दुय्यम मानता येत नाही.

४. रुग्णांवरील अभ्यास : संख्या आणि रचना

मानवावरील पहिल्या अभ्यासांत बारीक विद्युत्-अग्र मानेच्या कातडीतून आत सरकवून व्हेगस चेतेजवळ नेले जाई. जेम्स मायनर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ‘ॲकॅडेमिक इमर्जन्सी मेडिसिन’ या नियतकालिकात अशा २५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे रुग्ण दम्याच्या झटक्यासाठी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात आले होते आणि प्रचलित औषधांना त्यांनी पुरेसा प्रतिसाद दिला नव्हता. उद्दीपनानंतर त्यांच्या श्वसनक्षमतेत आणि धाप लागण्याच्या जाणिवेत सुधारणा नोंदली गेली. गंभीर प्रतिकूल परिणाम आढळले नाहीत.

पुढे शरीरात काहीही न टोचता वापरता येईल असे हातातील उपकरण न्यू जर्सीतील इलेक्ट्रोकोअर या कंपनीने ‘गॅमाकोअर’ या नावाने विकसित केले. दोन गुळगुळीत धातू-पृष्ठांवर विद्युत्-वाहक जेल लावून ते मानेच्या बाजूला सुमारे दोन मिनिटे धरायचे असते. दक्षिण आफ्रिकेतील एल्मिन स्टेन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अशा उपकरणाच्या वापराची रुग्णमालिका प्रसिद्ध केली. त्यात केवळ चार रुग्ण होते.

या अभ्यासांचे मूल्यमापन करताना त्यांच्या कर्त्यांवर अन्याय होऊ नये. मायनर यांचा अभ्यास ‘व्यवहार्यता’ तपासण्यासाठी होता, परिणामकारकता सिद्ध करण्यासाठी नव्हे; तसे त्याच्या शीर्षकातच म्हटले आहे. दोष अभ्यासात नसून त्यावरून काढल्या जाणाऱ्या अतिरिक्त अर्थात आहे. या अभ्यासांत छद्म उद्दीपन दिलेला, यदृच्छेने निवडलेला तुलनागट नव्हता. परिणामी तीन पर्यायी कारणे खुली राहतात.

पहिले कारण, आधी दिलेल्या औषधांचा विलंबाने होणारा परिणाम. तातडीच्या विभागात दिल्या जाणाऱ्या स्टिरॉइड औषधांचा गुण येण्यास काही तास लागतात. तासाभरात ‘प्रतिसाद न दिलेला’ रुग्ण पुढील तासाभरात सुधारला, तर त्याचे श्रेय उद्दीपनाला द्यावे की आधीच्या औषधाला, हे तुलनागटाशिवाय ठरविता येत नाही. दुसरे कारण, विकाराचा स्वाभाविक चढउतार. रुग्ण सर्वांत वाईट अवस्थेत असताना निवडला जातो, तेव्हा त्यापुढील नोंद बहुधा बरीच असते. तिसरे कारण म्हणजे अपेक्षेचा प्रभाव. नवे यंत्र, मानेवर जाणवणारी झिणझिणी आणि सभोवती लक्षपूर्वक वावरणारे डॉक्टर यांमुळे रुग्णाला बरे वाटणे स्वाभाविक आहे. श्वसनक्षमता मोजण्यासाठी पहिल्या सेकंदात जोराने सोडलेल्या हवेचे जे आकारमान नोंदले जाते, तेही रुग्णाच्या प्रयत्नावर काही अंशी अवलंबून असते. धीर आलेला रुग्ण अधिक जोराने फुंकतो.

५. छद्म उपचाराने शिकविलेला धडा

वरील शंका केवळ तार्किक नाहीत, हे दम्याच्या उपचारांच्या इतिहासावरून दिसते. जपानी शल्यचिकित्सक कोमेई नाकायामा यांनी १९६१ मध्ये मानेतील कॅरोटिड पिंड काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेचे साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केले आणि बहुसंख्य रुग्णांना लाभ झाल्याचे सांगितले. शस्त्रक्रिया इतर देशांतही पसरली. मात्र त्यानंतरच्या दशकात, काही रुग्णांना केवळ कातडीचा छेद देऊन केलेल्या नियंत्रित तुलनेत खऱ्या शस्त्रक्रियेचे श्रेष्ठत्व आढळले नाही. मानेत हस्तक्षेप करून दमा बरा करण्याच्या कल्पनेला अशी पूर्वपीठिका आहे. हजारो रुग्णांचा अनुभवही तुलनागटाची जागा घेऊ शकत नाही, हा तिचा बोध आहे.

अलीकडचे उदाहरण ब्राँकियल थर्मोप्लास्टीचे आहे. श्वासनलिकेच्या स्नायूंना उष्णता देण्याच्या या उपचाराची २०१० मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी २८८ रुग्णांवर झाली आणि तिच्यात छद्म ब्राँकोस्कोपीचा गट ठेवण्यात आला होता. जीवनमानात लक्षणीय सुधारणा नोंदविणारे रुग्ण खऱ्या उपचाराच्या गटात ७९ टक्के होते, तर छद्म गटात ६४ टक्के. तुलनागट नसता तर ७९ टक्क्यांचे संपूर्ण श्रेय उपचाराला मिळाले असते.

सर्वांत निर्णायक पुरावा मायकेल वेक्सलर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मांडला. दम्याच्या ४६ रुग्णांची निवड झालेल्या आणि ३९ जणांनी पूर्ण केलेल्या या अभ्यासात प्रत्येक रुग्णाला वेगवेगळ्या वेळी सालब्युटामॉलचा पंप, औषध नसलेला पंप, छद्म ॲक्युपंक्चर आणि कोणताही उपचार नाही, अशा चार स्थितींतून नेण्यात आले. सालब्युटामॉलने श्वसनक्षमता सुमारे २० टक्क्यांनी वाढली. उरलेल्या तिन्ही स्थितींत वाढ सुमारे ७ टक्केच होती. परंतु ‘किती बरे वाटले’ असे विचारल्यावर चित्र पालटले. सालब्युटामॉलनंतर ५० टक्के, औषध नसलेल्या पंपानंतर ४५ टक्के आणि छद्म ॲक्युपंक्चरनंतर ४६ टक्के सुधारणा रुग्णांनी सांगितली. उपचार न घेता ती २१ टक्के होती.

या आकड्यांचा अर्थ गंभीर आहे. दम्याच्या रुग्णाला वाटणारा आराम आणि त्याच्या श्वासनलिकेची स्थिती यांची फारकत होऊ शकते. डोकेदुखीत वेदना कमी वाटणे हेच उपचाराचे साध्य असते. दम्यात तसे नाही. श्वासनलिका अरुंद असतानाच बरे वाटू लागले, तर रुग्ण रुग्णालयात जाणे लांबणीवर टाकतो. म्हणून वेदनेच्या विकारात निरुपद्रवी ठरणारा छद्म परिणाम दम्यात प्राणघातक ठरू शकतो. गॅमाकोअरला अमेरिकेत २०१७ मध्ये क्लस्टर डोकेदुखीच्या वेदनेसाठी आणि २०१८ मध्ये अर्धशिशीच्या वेदनेसाठी मान्यता मिळाली. त्या मान्यतांचा दाखला दम्याच्या संदर्भात देणे याच कारणास्तव अप्रस्तुत ठरते.

६. आपत्कालीन परवानगी आणि तिचा अन्वयार्थ

जुलै २०२० मध्ये कोविडच्या साथीत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या उपकरणाच्या एका प्रकाराला आपत्कालीन वापराची परवानगी दिली. कोविड झालेल्या किंवा तसा संशय असलेल्या प्रौढांत दम्याशी संबंधित धाप वाढली असेल आणि मान्य औषधे सोसत नसतील किंवा अपुरी पडत असतील, एवढ्याच परिस्थितीसाठी ती होती. अशा परवानगीचा निकष ‘उपचार परिणामकारक असू शकतो’ असा मानण्यास वाव असणे हा असतो. नियमित मान्यतेसाठी लागणारा पुरावा तिला आवश्यक नसतो. साथीच्या काळात फवाऱ्याद्वारे औषध देताना संसर्ग पसरण्याची भीती होती, हे लक्षात घेता हा निर्णय समजण्याजोगा आहे. मात्र ‘सरकारी परवानगी मिळाली, म्हणजे गुण सिद्ध झाला’ हे अनुमान त्यातून निघत नाही. तातडीतील निर्णय आणि शास्त्रीय निर्वाळा या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत.

७. ‘औषधविरहित’ या विशेषणाची चिकित्सा

या उपचाराचे आकर्षण त्याच्या विशेषणात आहे. ‘औषधविरहित’ म्हणजे निर्धोक, नैसर्गिक आणि सवय न लावणारा, असा अर्थ वाचकाच्या मनात आपोआप उमटतो. परंतु गिनीपिगांवरील प्रयोगांचा निष्कर्ष मान्य केला, तर या उपचारात श्वासनलिका सैल करण्याचे काम रक्तातील ॲड्रिनॅलिनच बीटा-ग्राहकांमार्फत करते. सालब्युटामॉलचा पंपही याच ग्राहकांवर कार्य करतो. फरक इतकाच की, एका बाबतीत द्रव्य बाहेरून येते, तर दुसऱ्या बाबतीत ते रुग्णाच्याच ग्रंथीतून येते. प्रोप्रॅनोलॉल हा परिणाम पुसून टाकते, हेच त्याचे प्रमाण आहे.

यातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. एक, बीटा-ग्राहके रोखणारी औषधे घेणाऱ्या रुग्णांत हा उपचारही निष्फळ ठरण्याची शक्यता आहे. म्हणजे पंप अपुरा पडणाऱ्या रुग्णांपैकी निदान काहींना त्याचा उपयोग होणार नाही. दोन, पंपातून औषध थेट श्वासनलिकेत अल्प मात्रेत पोहोचते, तर ग्रंथीतून स्रवलेले ॲड्रिनॅलिन साऱ्या शरीरात फिरते. त्याची मात्रा किती वाढते आणि हृदयावर काय परिणाम होतो, हे प्रत्येक चाचणीत मोजले गेले पाहिजे. तीन, सालब्युटामॉलप्रमाणेच हा उपचारही मूलतः तात्पुरता आराम देणारा आहे. दाहावर तो पुरेसे कार्य करतो, असे दम्याच्या रुग्णांत सिद्ध झालेले नाही.

तिसरा मुद्दा सर्वाधिक महत्त्वाचा आहे. दम्याविषयीच्या ‘जीना’ या जागतिक मार्गदर्शक संस्थेने २०१९ पासून केवळ तात्पुरता आराम देणाऱ्या पंपावर विसंबून राहू नये, दाह शमविणारे स्टिरॉइडयुक्त श्वसन-औषध सोबत असावे, अशी शिफारस केली आहे. स्नायू सैल करून आराम मिळवीत राहणे आणि दाह तसाच राहू देणे हे धोक्याचे असते, हा त्यामागचा अनुभव आहे. औषधाच्या भीतीपोटी स्टिरॉइडचा पंप सोडून रुग्ण विद्युत्-उपकरणाकडे वळला, तर जुनाच दोष नव्या साधनाने पुन्हा घडेल.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून हा उपचार त्याज्य आहे, असा निष्कर्ष निघत नाही. आकुंचन घडविणाऱ्या चेतेतूनच, योग्य तंतू निवडून, आकुंचन कमी करता यावे ही कल्पना शरीरक्रियाशास्त्राच्या दृष्टीने मूल्यवान आहे आणि प्राण्यांवरील प्रयोगांनी तिला सुसंगत आधार दिला आहे. तथापि त्या कल्पनेपासून रुग्णाच्या खाटेपर्यंतचा प्रवास अपूर्ण आहे. तो पूर्ण होण्यासाठी पुढील चाचण्यांत किमान चार अटी पाळल्या जाणे आवश्यक आहे : झिणझिणी जाणवेल, पण चेता उद्दीपित होणार नाही, असे विश्वासार्ह छद्म उपकरण, यदृच्छेने निवडलेले पुरेसे मोठे गट, रुग्णाच्या कथनाबरोबरच श्वसनक्षमता, रक्तातील प्राणवायू आणि रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण यांची नोंद, आणि मानवी रक्तातील ॲड्रिनॅलिनचे प्रत्यक्ष मापन. यांपैकी शेवटच्या अटीमुळे गिनीपिगात दिसलेली कार्यपद्धती माणसात खरी आहे की नाही, याचा उलगडा होईल.

तोपर्यंत विज्ञानाचे अध्यापन करणाऱ्यांपुढे एक जबाबदारी उरते. ‘औषधविरहित’, ‘नैसर्गिक’ आणि ‘परवानगीप्राप्त’ या शब्दांनी निर्माण होणारा विश्वास आणि तुलनात्मक चाचणीने मिळणारा पुरावा यांतील भेद विद्यार्थ्यांना उदाहरणांसह समजावून सांगितला पाहिजे. वेक्सलर यांच्या अभ्यासातील ४६ टक्के आणि ७ टक्के हे दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले, तरी तो भेद पुरेसा स्पष्ट होतो. पहिला आकडा रुग्णाला काय वाटले ते सांगतो. दुसरा त्याच्या श्वासनलिकेत काय घडले ते सांगतो. दम्याच्या झटक्यात प्राण वाचतात ते दुसऱ्या आकड्याच्या आधारे.